बुबुळाचे चिवट व्रण : उपचार, विलंब आणि आपली जबाबदारी

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या नेत्रविभागाच्या वतीने केलेले भाषण)



या अहवालात आपणांस शस्त्रक्रियांचे आणि तपासण्यांचे तक्ते पाहावयास मिळतील. त्यांत मोतीबिंदूचा रकाना नेहमीच सर्वांत भरलेला असतो आणि त्याचा आम्हांलाही आनंद आहे. मोतीबिंदूचा रुग्ण दुसऱ्या दिवशी पट्टी सोडतो, समोरचे माणूस ओळखतो आणि हसतमुखाने घरी जातो. परंतु त्याच तक्त्यांत बुबुळाच्या व्रणांचीही एक लहानशी ओळ असते. त्या ओळीतील रुग्ण आठवडेच्या आठवडे वॉर्डात असतो. त्याच्या डोळ्यांत तासातासाला, रात्रीसुद्धा, औषध घालावे लागते. घरी गेल्यावरही त्याचे उपचार महिनोन्महिने चालतात आणि इतके होऊनही पुष्कळदा ‘डोळा वाचला, नजर मात्र पुरती आली नाही’ एवढेच सांगणे आमच्या हाती उरते. आकड्यांनी लहान दिसणाऱ्या या ओळीमागे केवढे श्रम आणि केवढे दुःख असते, हे आपल्यासमोर मांडावे म्हणून आज आम्ही हा विषय निवडला आहे.

आपल्या डोळ्याच्या अगदी पुढच्या भागाला, घड्याळावर काच असावी तसा, एक पारदर्शक पडदा असतो. शास्त्रीय परिभाषेत त्याला पारपटल म्हणतात. आपण बोलताना सरसकट बुबुळ म्हणतो. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच तो पारदर्शक राहतो. परंतु रक्तवाहिन्या नसल्यामुळे जंतूंचा शिरकाव झाल्यास शरीराचे रक्षक दलही तेथे उशिरा पोहोचते. शिवाय हा पडदा भरून येताना काचेसारखा भरून येत नाही. पांढरट डाग मागे राहतो. आपल्याकडे त्यालाच ‘डोळ्यात फूल पडले’ असे म्हणतात. नाव सुंदर आहे, पण ते फूल नेमके बाहुलीसमोर पडले की डोळ्यापुढचे जग धूसर होते.

या पडद्याच्या सर्वांत वरच्या थरावर ओरखडा उठला नाही, तोवर बहुतेक जंतूंना आत वाट मिळत नाही. ओरखडा कशाने उठतो, यावर पुढची कथा अवलंबून असते. जगाच्या एका भागात तो प्रामुख्याने कॉन्टॅक्ट लेन्समुळे उठला. आपल्या भागात तो शेतात आणि कारखान्यात उठतो. दोन्हीकडचे जंतू मात्र पुष्कळसे तेच आहेत. म्हणून आधी लेन्सची हकीकत सांगतो.

मऊ कॉन्टॅक्ट लेन्सचा शोध चेकोस्लोव्हाकियातील शास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांनी लावला. १९६१ साली त्यांनी घरच्या घरी, मुलांच्या खेळण्यातील भाग जोडून केलेल्या यंत्रावर अशा लेन्स घडवल्या, हे आता सर्वश्रुत आहे. १९७१ साली अमेरिकेत त्यांच्या विक्रीस मान्यता मिळाली आणि पुढे कोट्यवधी लोकांच्या नाकावरचा चष्मा उतरला. सोय मोठी होती, पण तिच्यासोबत एक जोखीमही आली. लेन्सखाली पारपटलाला प्राणवायू कमी मिळतो, वरचा थर नाजूक होतो आणि लेन्सवर चिकटलेल्या जंतूंना पारपटलाचा दीर्घकाळ सहवास मिळतो. १९८९ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, दिवसा लेन्स वापरून रात्री काढून ठेवणाऱ्या १० हजार जणांमागे वर्षाला सुमारे ४ जणांना बुबुळाचा व्रण होतो, असे आढळले. रात्री लेन्स घालूनच झोपणाऱ्यांत हेच प्रमाण सुमारे २१ होते. रात्री लेन्स काढून ठेवणे, एवढ्या एका सवयीने पाचपट फरक पडतो.

लेन्समुळे होणाऱ्या व्रणांत स्युडोमोनास नावाचा जीवाणू आघाडीवर असतो. तो अत्यंत झपाट्याने पसरतो. उपचार न झाल्यास एक-दोन दिवसांत बुबुळ विरघळू लागते. तरीही योग्य प्रतिजैविक लवकर सुरू झाले, तर बहुधा तो आटोक्यात येतो. खऱ्या अर्थाने चिवट आहेत ते दोघे : बुरशी आणि अकॅन्थामिबा.

अकॅन्थामिबा हा एकपेशीय जीव माती, धूळ, विहीर, तळे, नळ, टाकी अशा सर्व ठिकाणी आढळतो. आपण सर्वच जण रोज त्याच्या संपर्कात येतो आणि बहुतेकांना त्याचा काहीही उपद्रव होत नाही. मात्र एकदा ओरखड्यातून तो बुबुळात शिरला, की त्याला बाहेर काढणे महाकठीण होते. त्याची दोन रूपे असतात. एका रूपात तो फिरतो, खातो, वाढतो. या अवस्थेत औषधाने तो मरतो. परिस्थिती प्रतिकूल होताच तो स्वतःभोवती दुहेरी भिंतीचे कवच उभारून निपचित पडतो. ते कवच थंडी, कोरडेपणा आणि पाणी शुद्ध करण्यासाठी वापरले जाणारे क्लोरीनही सोसते. औषध थांबले की तो पुन्हा बाहेर येतो. म्हणूनच या व्रणाचे उपचार दिवसांत मोजून चालत नाहीत. ते महिन्यांत मोजावे लागतात.

बुबुळातील अकॅन्थामिबाची पहिली नोंद ब्रिटनमधून १९७४ साली प्रसिद्ध झाली. १९८०च्या दशकात अमेरिकेत लेन्स वापरणाऱ्यांमध्ये अशा रुग्णांची संख्या एकाएकी वाढली. पुष्कळ जण मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून घरीच लेन्सचे द्रावण तयार करीत होते आणि त्या पाण्यातूनच अमिबा डोळ्यांत शिरत होता. पुढे तयार द्रावणे आली, पण धोका पुरता टळला नाही. २००५-०६ साली सिंगापूर आणि अमेरिकेत फ्युजेरियम या बुरशीच्या व्रणांची साथ आली. अमेरिकेत १६४ रुग्ण निश्चित झाले आणि त्यांपैकी सुमारे तिघांमागे एकाला बुबुळरोपण करावे लागले. विशिष्ट प्रकारच्या एका द्रावणाशी त्याचा संबंध जोडला गेला आणि मे २००६ मध्ये ते जगभरातील बाजारातून मागे घेण्यात आले. डबीतील जुने द्रावण न फेकता त्यातच नवे ओतण्याची लोकांची सवयही या साथीस हातभार लावणारी ठरली. लगेच पुढच्या वर्षी, २००७ साली, अकॅन्थामिबाच्या संसर्गामुळे आणखी एक द्रावण मागे घ्यावे लागले.

आता आपण जालन्याकडे येऊ. आपल्या जिल्ह्यात लेन्स वापरणारे फार नाहीत, पण ते वाढत आहेत. शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला गेलेली मुले-मुली लेन्स वापरतात. लग्नसराईत एक दिवसापुरत्या रंगीत लेन्स घातल्या जातात आणि काही वेळा एकीची लेन्स दुसरीच्या डोळ्यातही जाते. अशांना आमचे सांगणे थोडके आहे : लेन्स नळाच्या, टँकरच्या किंवा पिण्याच्या पाण्याने कधीही धुऊ नये, लेन्स घालून झोपू नये, अंघोळ करू नये, पोहू नये, द्रावण रोज नवे घ्यावे, दुसऱ्याची लेन्स घालू नये, आणि डोळा लाल होऊन दुखू लागताच लेन्स काढून, ती फेकून न देता, डबीसह आमच्याकडे घेऊन यावे. त्या डबीतून जंतूचा माग लागू शकतो.

परंतु ज्याने आयुष्यात कधी लेन्स पाहिलेलीही नाही, अशाच माणसाला आपल्या भागात हा रोग अधिक गाठतो. अमेरिकेतील अकॅन्थामिबाच्या पहिल्या रुग्णांत टेक्सासमधील एक पशुपालक होता आणि त्याच्या डोळ्याला इजा झालेली होती. २००० साली हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतील तज्ज्ञांनी लेन्स न वापरणाऱ्या अशा ३९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या भारतीय अनुभवानेही हेच सांगितले आहे, की आपल्याकडे अकॅन्थामिबा डोळ्यात शिरतो तो मुख्यतः शेतातील इजेतून आणि अस्वच्छ पाण्यातून.

बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा आणि जालना या आपल्या तालुक्यांतील वर्षाचे चक्र डोळ्यांसमोर आणा. सोयाबीनची मळणी चालू असते आणि यंत्रातून भुसा उडत असतो. कापसाच्या वेचणीत वाळलेल्या बोंडाचे टोक लागते. पऱ्हाटी उपटताना काडी उलटते. गोदाकाठी उसाचे पाते डोळ्यावरून फिरते. ज्वारी-गव्हाचे कुसळ उडते, मोसंबीच्या बागेत फांदी झटकन परत येते, बैल शेपटीचा फटका मारतो. शहरात लोखंडाचे कारखाने आणि कार्यशाळा आहेत. तेथे ग्राइंडरमधून उडालेला कण बुबुळात रुततो. यांतील प्रत्येक वस्तू बुरशी आणि जंतू घेऊनच येते. त्यात डोळा धुवायला हाताशी असते ते रांजणातले, टाकीतले किंवा शेततळ्यातले पाणी. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आणि २०१२-१३चा दुष्काळ सोसलेल्या या जिल्ह्याला साठवलेल्या पाण्यावाचून पर्याय नाही, हे आम्ही जाणतो. कोणाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. जंतूची वाट दाखवण्यासाठी सांगतो.

या रोगाचा पसारा किती? १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मदुराई जिल्ह्याच्या अभ्यासात दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला ११३ जणांना बुबुळाचा व्रण होतो, असे आढळले होते. अमेरिकेतील एका परगण्यात नोंदवलेल्या प्रमाणाच्या हे दहापट होते. जालन्याचे प्रमाण नेमके तेवढेच आहे असा आमचा दावा नाही. पण तोच दर येथे धरला, तर २०११च्या जनगणनेनुसार साडेएकोणीस लाखांहून अधिक लोकसंख्येच्या आपल्या जिल्ह्यात वर्षाला २ हजारांहून अधिक व्रण होतील. यांतील बहुतेक रुग्ण कर्त्या वयातील, हातावर पोट असलेले शेतकरी आणि मजूर असतात.

आता उपचारांविषयी. व्रणाचा रुग्ण आला की आम्ही प्रथम थेंबाने डोळा बधिर करतो आणि व्रणाच्या कडेवरून अगदी थोडा अंश खरवडून काचपट्टीवर घेतो. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की बुरशीचे धागे किंवा अमिबाची कवचे काही मिनिटांत दिसू शकतात. दुसऱ्या पट्टीवर रंगद्रव्य घालून जीवाणू पाहतात आणि उरलेला अंश जंतूंच्या वाढीसाठी पेरतात. अकॅन्थामिबासाठी पोषणद्रव्य नसलेल्या आगरवर जीवाणूंचा थर पसरतात; अमिबा ते जीवाणू खात पुढे सरकतो आणि त्याच्या वाटचालीच्या रेषा उमटतात. या तपासणीत महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो एक चांगला सूक्ष्मदर्शक आणि त्यातून पाहणारी अनुभवी नजर. तरीही संपूर्ण उपचारांची दिशा याच काचपट्टीवर ठरते, कारण एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही.

बुरशीवर मुख्य औषध नॅटामायसिन. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतातील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून १९५०च्या दशकात ते मिळाले. पुढे व्होरिकोनॅझोल हे नवे औषध आल्यावर जुने मागे पडेल, असे अनेकांना वाटत होते. मात्र मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालय समूहात ३२३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, विशेषतः फ्युजेरियमच्या बाबतीत, जुने नॅटामायसिनच सरस ठरले. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. हे औषध बुबुळात खोलवर जात नाही, ही त्याची मर्यादा. म्हणून व्रण वरवर असतानाच ते सुरू झाले पाहिजे आणि व्रणाचा पृष्ठभाग अधूनमधून खरवडून औषधाला वाट करून द्यावी लागते. अलीकडे पिथियम नावाचा आणखी एक जीव ओळखू येऊ लागला आहे. तो दिसतो बुरशीसारखा, पण बुरशी नव्हे. त्याच्यावर नॅटामायसिन काम करीत नाही आणि त्यासाठी लिनेझोलिड व अझिथ्रोमायसिन ही जीवाणूंवरची औषधे वापरावी लागतात. ‘बुरशीचे औषध देऊनही गुण येत नाही’ असा व्रण समोर आला, की आता आम्हांला याचाही विचार करावा लागतो.

अकॅन्थामिबावर दीर्घकाळ कोणतेही खात्रीचे औषध नव्हते. १९८५ साली लंडनच्या तज्ज्ञांनी केवळ थेंबांनी बरा झालेला पहिला रुग्ण नोंदवला. १९९२ साली, पोहण्याच्या तलावातील पाणी शुद्ध करणारे पी.एच.एम.बी. हे रसायन अतिशय सौम्य प्रमाणात वापरल्यास अमिबाचे कवचही भेदले जाते, हे दाखवून देण्यात आले. तेव्हापासून ते किंवा क्लोरहेक्सिडीन, शंभरात ०.०२ इतक्या सौम्य प्रमाणात, हाच उपचारांचा कणा राहिला आहे. अनेक वर्षे हे थेंब रुग्णालयांच्या औषधशाळांतच तयार करावे लागत, कारण तयार औषध म्हणून त्याला कोठेही मान्यता नव्हती. २०२४ साली युरोपात या रोगासाठी पहिले मान्यताप्राप्त औषध आले, तेही पी.एच.एम.बी.चेच अधिक तीव्र रूप आहे. ज्या चाचणीवर ती मान्यता आधारली होती, तीत शिस्तीने दिलेल्या उपचारांनी दहापैकी आठांहून अधिक रुग्ण औषधांनीच बरे झाले होते. असाध्य वाटणाऱ्या या रोगाविषयी एवढा दिलासा चाळीस वर्षांपूर्वी कोणी देऊ शकले नसते.

मात्र ‘शिस्तीने’ या शब्दात सारे आले. सुरुवातीचे दोन दिवस दर तासाला थेंब, रात्री बारा, एक, दोन, तीन वाजताही. नंतर जागेपणी दर तासाला, पुढे दर दोन-तीन तासांनी, असे कित्येक आठवडे. एकूण उपचार सहा महिने चालणे काही दुर्मीळ नाही. या आजारात वेदना असह्य असते. बाहेरून जेवढे दिसते त्याहून कितीतरी अधिक दुखते. अशा वेळी थेंब कोण घालतो? वॉर्डात आमच्या परिचारिका घालतात. घरी गेल्यावर सून घालते, नवरा घालतो, शाळेत जाणारी नात आजीसाठी घड्याळाचा गजर लावते. आज येथे बसलेल्या अनेकांनी ती जागरणे केली आहेत. रुग्ण बरा झाल्याचे श्रेय आम्हांला दिले जाते. त्याचा निम्मा वाटा आपला आहे, हे आम्ही या व्यासपीठावरून नमूद करू इच्छितो. त्याचबरोबर एक विनंतीही करतो : ठणका थांबला म्हणून औषध थांबवू नका. वेदना गेली तरी कवचबंद अमिबा आत असू शकतो.

येथवर आम्ही जंतूच्या चिवटपणाविषयी बोललो. परंतु आमचा अनुभव असा, की जंतूपेक्षाही अधिक नुकसान विलंब करतो आणि त्या विलंबात डोळ्यात पडलेली भलती औषधे करतात. डोळ्यात कण गेला की तो आगपेटीच्या काडीने किंवा रुमालाच्या टोकाने काढला जातो. कोठे जिभेने डोळा साफ करणारी बाई असते. मग मध, अंगावरचे दूध, एरंडेल, पाल्याचा रस यांचे प्रयोग होतात. या उपायांमागे माया असते, यात शंका नाही. पण ओरखडा उठलेल्या बुबुळावर त्यांतील प्रत्येक थेंब नवे जंतू नेऊन सोडतो. त्यानेही भागले नाही, की माणूस गावातल्या मेडिकलवर जातो आणि ‘लाल डोळ्याचे ड्रॉप’ मागतो. त्यांत अनेकदा स्टेरॉइड असते. स्टेरॉइडने लाली उतरते, ठणका कमी होतो आणि रुग्णाला वाटते, गुण आला. प्रत्यक्षात शरीराचे रक्षक झोपी जातात आणि बुरशी किंवा अमिबा खोलवर पसरतो. जीवाणूंच्या व्रणांतसुद्धा, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली प्रतिजैविकाच्या जोडीने दिलेल्या स्टेरॉइडचा एकंदरीत काही लाभ दिसला नाही, असे ५०० रुग्णांच्या चाचणीने २०१२ साली दाखवले. मग जंतू ओळखण्यापूर्वीच ते घालणे किती घातक असेल, याची कल्पना आपण करू शकता. आमच्याकडे येणाऱ्या रुग्णाच्या पिशवीत अशा तीन-तीन, चार-चार बाटल्या निघतात. तो आजारी पडल्यापासून स्वस्थ बसलेला नसतो. त्याने पैसे खर्च केलेले असतात, धावपळ केलेली असते. केवळ योग्य दार त्याला सापडलेले नसते.

ते दार वेळेवर सापडले तर काय होते, याचे उत्तर नेपाळमधील भक्तपूरने दिले आहे. तेथे गावोगावच्या स्वयंसेवकांनी, बुबुळावर ताजा ओरखडा आलेल्या लोकांना क्लोरअँफेनिकॉलचे साधे मलम तीन दिवस दिले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार अशा ४४२ जणांपैकी ९६ टक्क्यांची जखम संसर्गाविना भरली; आणि ज्या २८४ जणांना इजेनंतर १८ तासांच्या आत मलम मिळाले, त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. एकालाही नाही. जो रोग पुढे सहा महिन्यांच्या जागरणांनीही पुरता हटत नाही, तो पहिल्या अठरा तासांत अत्यल्प खर्चाच्या मलमाने रोखता आला.

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे, की नेपाळमध्येच नंतर अधिक मोठ्या प्रमाणावर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अशी सेवा दिलेल्या आणि न दिलेल्या वस्त्यांमधील व्रणांच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. म्हणजे गावात मलम आणि माणूस पोहोचवले की काम संपले, असे समजता येणार नाही. इजा झालेला माणूस त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी, त्या मलमापर्यंत पोहोचला पाहिजे. आणि मजुरी बुडेल म्हणून तो ‘उद्या बघू’ म्हणणार असेल, तर आपल्याला त्याच्या ‘उद्या’चाच विचार करावा लागेल.

सर्व उपाय थकले आणि बुबुळ फुटण्याच्या बेतात आले, तर रोगट भाग काढून तेथे नेत्रदानातून मिळालेले पारपटल बसवावे लागते. जगातील पहिले यशस्वी बुबुळरोपण १९०५ साली डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी ओलोमौत्स येथे केले. चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर ती शस्त्रक्रिया झाली होती. म्हणजे या शस्त्रक्रियेचा पहिला लाभार्थीही कष्टकरीच होता. संसर्गाने धगधगत्या डोळ्यातील रोपणाचा पहिला हेतू डोळा वाचवणे हा असतो. नजर हा पुढचा प्रश्न. शांत झालेल्या डोळ्यात केलेल्या रोपणाइतके यश त्यास येत नाही. तरीही ते पटल ऐन वेळी उपलब्ध नसेल, तर डोळाच गमवावा लागतो. म्हणून दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या नेत्रदान पंधरवड्यात आपण जे आवाहन करतो, ते या रुग्णांसाठीही असते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावे लागते. चष्मा, मधुमेह किंवा झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांमुळे नेत्रदानास बाध येत नाही.

विश्वस्त आणि देणगीदार मंडळींपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवू इच्छितो.

पहिली, सूक्ष्मदर्शकाचे टेबल सुटीच्या दिवशीही चालू राहावे. रविवारी आलेल्या व्रणाला सोमवारची वाट पाहायला लावू नये. त्यासाठी यंत्रापेक्षा प्रशिक्षित मनुष्यबळाची अधिक गरज आहे आणि देणगीदारांना इमारतीइतके ते डोळ्यांत भरत नाही, याची आम्हांला जाणीव आहे. परंतु एका काचपट्टीने वाचलेला डोळा कोणत्याही कोनशिलेपेक्षा कमी मोलाचा नाही.

दुसरी, व्रणाच्या रुग्णासोबत राहणाऱ्या नातेवाइकाच्या जेवणाची आणि निवाऱ्याची सोय व्हावी. मंठ्याहून किंवा जाफराबादहून आलेले कुटुंब आठवड्याने माघारी फिरते, ते पुष्कळदा रोग बरा झाला म्हणून नव्हे, तर राहण्याचा खर्च परवडत नाही म्हणून. अर्धवट सोडलेला उपचार हा सर्वांत महाग उपचार ठरतो. गरजू रुग्णांना घरी नेण्यासाठी पुढील महिन्याची औषधे मिळाली, तरी अनेक डोळे वाचतील.

तिसरी गोष्ट पैशांपेक्षा शब्दाने होणारी आहे. आपल्या गावी, आपल्या शेतावर, आपल्या कारखान्यात एवढे सांगा : ग्राइंडर आणि मळणीयंत्र चालवताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा. डोळ्याला काही लागले, तर चोळू नये, काडी घालू नये, कोणताही रस वा दूध टाकू नये, आधीची उरलेली बाटली वापरू नये. त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा नेत्रतज्ज्ञाकडे जावे. बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, उजेड सोसवेना, पाणी थांबेना, तर एक रात्रही घरी काढू नये. आशाताई, अंगणवाडीताई, शिक्षक, औषधविक्रेते बंधू आणि कृषी सेवा केंद्रांचे चालक या सर्वांना आपण बरोबर घेऊ शकलो, तर पुढील अहवालांत बुबुळाच्या व्रणांची ती ओळ हळूहळू आणखी लहान होईल. अहवालातील एखादा आकडा घटावा अशी इच्छा रुग्णालयाने बाळगणे विचित्र वाटेल. पण या आकड्याच्या बाबतीत आमची इच्छा तीच आहे.

बियाण्यांचे शहर म्हणून जालन्याची देशभर ओळख आहे. पेरणीची वेळ साधली तर थोड्या बियाण्यातही पीक येते आणि वेळ चुकली तर उत्तम बियाणेही वाया जाते, हे येथील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. डोळ्याच्या उपचारांचेही तसेच आहे. वेळ साधण्यासाठी लागणारे ज्ञान आज उपलब्ध आहे, औषधे उपलब्ध आहेत आणि आपल्यासारख्यांचे पाठबळही आहे. जिल्ह्यातील शेवटच्या वस्तीवरील माणसाला ती वेळ साधता यावी, यासाठी आपले सहकार्य असेच लाभावे, अशी नम्र प्रार्थना करून आम्ही आमचे भाषण संपवतो.